मोटार कंपन्या टूरिंग कार शर्यतीत का उतरतात?

विषयप्रवेश

मोटार बनवणारी कंपनी नफ्यासाठी चालते, आणि शर्यत ही पैसे जाळण्याची जागा आहे. तरीही जगातल्या बहुतेक मोठ्या कंपन्या कधी ना कधी शर्यतीत उतरल्या आहेत. 'जाहिरात होते म्हणून' हे नेहमीचे उत्तर खोटे नाही, पण अपुरे आहे. जाहिरातच करायची असेल तर क्रिकेटचे सामने आहेत. शिवाय त्या उत्तराने एक गोष्ट उलगडत नाही: एखादी कंपनी एका शर्यत मालिकेत कोट्यवधी खर्च करते आणि शेजारच्याच दुसऱ्या मालिकेकडे ढुंकूनही पाहत नाही, असे का?

या टिपणात आपण ही निवड कशी होते ते पाहणार आहोत. मुख्य उदाहरणे दोन. एक बेंगळुरूजवळच्या बिडदीचे, दुसरे पुण्याजवळच्या चाकणचे. बाहेरची उदाहरणे गरजेपुरती घेऊ. मुद्दा थोडक्यात असा आहे की कंपनी शर्यत निवडते असे आपण म्हणतो, पण प्रत्यक्षात ती नियमपुस्तिका निवडते. कोणती गाडी चालेल, तिच्यात किती बदल करता येतील, खर्च कोणाचा आणि हरण्याची शक्यता किती, हे सगळे त्या पुस्तिकेत ठरलेले असते. उरलेला प्रश्न म्हणजे ती शर्यत कोण पाहते, आणि पाहणारा गाडी घेणारा आहे का.

टूरिंग कार म्हणजे काय

फॉर्म्युला वनची गाडी रस्त्यावर चालत नाही. तिची चाके उघडी असतात, एकच माणूस बसतो, आणि ती फक्त शर्यतीसाठी बांधलेली असते. टूरिंग कार याच्या उलट. शोरूममध्ये मिळणारी चार किंवा पाच दारांची गाडी घ्यायची, आतल्या गाद्या आणि कार्पेट काढून टाकायचे, चालकाच्या संरक्षणासाठी पोलादी नळ्यांचा पिंजरा जोडायचा, सस्पेन्शन, ब्रेक व टायर बदलायचे आणि ट्रॅकवर आणायची. बाहेरून ती ओळखीची दिसली पाहिजे, कारण प्रेक्षकाला 'अरे, ही तर आपल्या शेजाऱ्याची गाडी' असे वाटणे हाच या खेळाचा गाभा आहे.

'ओळखीची' हा शब्द मात्र फसवा आहे. काही नियमांत इंजिन मूळचेच ठेवावे लागते, काही नियमांत पत्र्याखालचे जवळजवळ सगळे बदलते. शोरूममधली गाडी आणि ट्रॅकवरची गाडी यांच्यात किती अंतर चालेल, हे नियम ठरवतात. अमुक मॉडेल शर्यतीस पात्र आहे अशी जी अधिकृत नोंद करून घ्यावी लागते, तिला होमोलोगेशन म्हणतात. हा शब्द पुढे लागणार आहे.

बिडदीची इटिऑस

बेळ्ळंदूरला आऊटर रिंग रोडवर संध्याकाळी कामावरून सुटून अ‍ॅपवर टॅक्सी बोलावली, तर गेल्या दशकात बऱ्याचदा समोर येऊन उभी राहायची ती पांढरी इटिऑस. गाडी प्रशस्त, डिकी मोठी, इंजिन न कुरकुरणारे. ही गाडी बनायची शहराच्या दुसऱ्या टोकाला, मैसूर रस्त्यावरच्या बिडदीत, टोयोटा किर्लोस्कर मोटरच्या कारखान्यात. मराठी वाचकाला त्या नावातले 'किर्लोस्कर' परके नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सायकलच्या दुकानापासून सुरुवात केली, पुढे लोखंडी नांगर केले आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसवली. त्या घराण्याच्या चौथ्या पिढीतल्या विक्रम किर्लोस्करांनी टोयोटाशी भागीदारी केली आणि १९९७ मध्ये ही कंपनी स्थापन झाली.

इटिऑस डिसेंबर २०१० मध्ये बाजारात आली, तिची छोटी बहीण लिव्हा २०११ मध्ये. टोयोटाने भारतासारख्या बाजारपेठा डोळ्यांपुढे ठेवून ही गाडी नव्याने आखली होती. तोवर भारतात टोयोटा म्हणजे क्वालिस आणि इनोव्हा, म्हणजे लग्नाचे वऱ्हाड किंवा विमानतळावरचे पाहुणे नेणारी गाडी. तिशीच्या आतला, पहिली गाडी घेणारा ग्राहक टोयोटाच्या शोरूमकडे वळत नव्हता. इटिऑस त्याच्यासाठी होती.

त्यामुळे कंपनीने 'इटिऑस मोटर रेसिंग' नावाची मालिका काढली. रचना साधी होती: सगळ्यांना सारखीच इटिऑस, सारखेच बदल, सारखेच टायर. टोयोटाच्याच शर्यत विभागाने तयार केलेले सुटे भाग बसवलेल्या गाड्या, आणि देशभरातून अर्ज मागवून निवडलेले, बहुतांशी नवखे चालक. श्रीपेरुंबुदूरजवळच्या इरुंगट्टुकोट्टैच्या ट्रॅकवर या गाड्या धावल्या. बेंगळुरूत मोटार शर्यतीचा तसा मोठा कायमस्वरूपी ट्रॅक नाही. इथली मंडळी पिढ्यान् पिढ्या चेन्नईचा महामार्ग धरतात. एकाच कंपनीच्या एकाच मॉडेलच्या अशा मालिकेला 'वन-मेक' म्हणतात.

तरुणांची गाडी म्हणून लोकांनी इटिऑसकडे पाहावे यासाठी ही धडपड होती. पुढे काय झाले ते बेळ्ळंदूरच्या रस्त्यावर दिसत होते. टॅक्सीवाल्यांनी तिचे खरे गुण अचूक ओळखले: न मोडणे, कमी खर्चात धावणे, मागे तीन माणसे सुखाने बसणे. हजारो इटिऑस टॅक्सी झाल्या, आणि मग घरासाठी गाडी घेणारा म्हणू लागला, 'टॅक्सीवाली गाडी कशाला?' २०२० मध्ये प्रदूषणाचे नवे निकष लागू झाले तेव्हा इटिऑस बंद करण्यात आली.

यावरून शर्यत फुकट गेली असा निष्कर्ष घाईचा होईल. शर्यत नसती तर विक्री किती झाली असती हे मोजता येत नाही, आणि ही अडचण या विषयात कायम राहते. पण एक गोष्ट म्हणता येईल. लोक रोज डोळ्यांनी जे पाहतात, त्याच्या विरुद्ध प्रतिमा वर्षातून चार-पाच शनिवार-रविवार ट्रॅकवर धावून उभी राहत नाही. शर्यत गाडीचा असलेला गुण मोठा करून दाखवते. इटिऑसचा गुण टिकाऊपणा होता, तिला दाखवले गेले वेगवान म्हणून.

तुलनेसाठी फिलिपाइन्सकडे पाहा. तिथे टोयोटाने २०१४ मध्ये व्हिओस या सेडानची वन-मेक मालिका सुरू केली आणि ती चांगली रुजली. कंपनी तीच, कल्पना तीच. वन-मेक मालिका मुळातच चुकीची असती तर तिथेही चालली नसती.

चाकणचा पोलो

फोक्सवॅगनचा चाकणचा कारखाना मार्च २००९ मध्ये सुरू झाला, आणि २०१० च्या सुरुवातीला पोलो बाजारात आली. त्याच वर्षी पोलो कप सुरू झाला. हे एकाच वर्षी घडणे योगायोग नव्हे. मारुती आणि ह्युंदाईच्या तुलनेत फोक्सवॅगन इथे नवखी होती. सेवा केंद्रे कमी, सुटे भाग महाग. स्वस्ताईत ती मारुतीला हरवू शकत नव्हती. 'अ‍ॅव्हरेज किती देते?' हा आपल्याकडचा पहिला प्रश्न, त्यातही तिचा फार मोठा फायदा नव्हता. मग ग्राहकाने तिच्याकडे यावे कशासाठी? जर्मन बांधणी आणि चालवण्यातली मजा यासाठी. दुसरे देण्यासारखे काही नसताना हा गुण मोठ्याने सांगणे भाग होते, आणि ट्रॅकपेक्षा ते सांगायला चांगली जागा नव्हती.

सुरुवातीला पोलो कपच्या गाड्या डिझेल होत्या. शर्यतीत डिझेल म्हटले की जुन्या मंडळींनी भुवया उंचावल्या, पण व्यापाराच्या दृष्टीने तो शहाणपणा होता, कारण त्या काळी भारतीय ग्राहक डिझेलवर फिदा होता. पुढे पेट्रोल टर्बो इंजिनाची पोलो आर कप आली, मग व्हेंटो कप, आणि २०१७ मध्ये अमिओ कप. शोरूममध्ये विकायचे मॉडेल बदलले की मालिकेचे नावही बदलायचे. या नावांच्या ओळीतून कंपनीचे त्या त्या वर्षीचे विक्रीचे धोरणच वाचता येते.

अमिओ कपची गाडी इथे थोडी थांबून पाहण्यासारखी आहे. शोरूममधल्या पेट्रोल अमिओत सुमारे ७५ अश्वशक्तीचे, तीन सिलिंडरचे १.२ लिटर इंजिन होते. ट्रॅकवरच्या अमिओत सुमारे २०५ अश्वशक्तीचे १.८ लिटर टर्बो. सांगाडा तोच, पण आतला प्राणी वेगळा. ही फसवणूक आहे का? वर्गात हा प्रश्न विचारला की निम्मे हात वर होतात. माझे मत असे की वन-मेक मालिकेत ती फसवणूक ठरत नाही, कारण तिथे कोणी 'आमची अमिओ दुसऱ्या कंपनीच्या गाडीपेक्षा वेगवान' असा दावाच करत नाही. दावा एवढाच असतो की ही कंपनी शर्यतीची भाषा बोलते. शिवाय अमिओ कपची गाडी फोक्सवॅगनच्या भारतातल्या शर्यत विभागाने विकसित केली होती. ते काम इथल्या अभियंत्यांच्या हातून गेले, आणि तो अनुभव मालिका संपल्यावरही इथेच राहतो.

अमिओ २०२० मध्ये बंद झाली, पोलो २०२२ मध्ये. विक्रीच्या आकड्यांत दोन्ही गाड्या कधीच अव्वल नव्हत्या. तरी पोलोचे नाव आजही गाडीवेड्या तरुणांत आपुलकीने घेतले जाते आणि जुन्या पोलोला खरेदीदार शोधत येतात. इटिऑसच्या बाबतीत शर्यत आणि रस्ता दोन वेगळ्या गोष्टी सांगत होते, पोलोच्या बाबतीत एकच.

वन-मेकची आकडेमोड

कंपन्यांना वन-मेक इतकी प्रिय का, हे समजण्यासाठी एक काल्पनिक हिशेब मांडू. यातले आकडे कोणत्याही कंपनीचे नाहीत, फक्त रीत समजण्यासाठी घेतले आहेत.

समजा, कंपनीने २० गाड्या शर्यतीसाठी तयार केल्या आणि प्रत्येकीवर १५ लाख रुपये खर्च आला. एकूण ३ कोटी. ट्रॅकचे भाडे, मेकॅनिक, वाहतूक, टायर, इंधन धरून हंगामाचा चालू खर्च आणखी ३ कोटी. म्हणजे पहिल्या वर्षी ६ कोटी. आता जमेची बाजू. अशा मालिकांत बहुधा चालकाकडून हंगामाचे शुल्क घेतले जाते. तो हेल्मेट घेऊन येतो, गाडी तयार मिळते. २० चालकांकडून प्रत्येकी १० लाख धरले तर २ कोटी. टायर आणि वंगण कंपन्यांचे प्रायोजन १ कोटी. कंपनीच्या माथी उरले ३ कोटी. दुसऱ्या वर्षी गाड्या त्याच वापरायच्या, म्हणून खर्च ३ कोटी आणि जमाही ३ कोटी. अपघातात चेपलेले पत्रे आणि बदलायची गिअरबॉक्स वगळली तर बोजा जवळजवळ शून्यावर येतो.

आता दुसरा पर्याय. चार कंपन्या एकमेकींविरुद्ध उतरल्या आहेत. आपल्या कंपनीने दोन गाड्या आणि इंजिनाच्या विकासावर ५ कोटी घातले. चालकांना आपण पगार देतो, शुल्क घेत नाही. सगळ्यांची तयारी सारखीच असेल तर जिंकण्याची शक्यता चारात एक. हरलो तर पुढच्या वर्षी ६ कोटी घालावे लागतील, कारण प्रतिस्पर्धीही हातावर हात ठेवून बसणार नाही. पहिल्या पर्यायात खर्च वर्षागणिक उतरतो, दुसऱ्यात चढतो.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे वन-मेकमध्ये कंपनी हरतच नाही. पहिली गाडीही आपली, शेवटचीही आपली. अर्थात इंजिनातून धूर काढत गवतात जाऊन उभी राहिलेली गाडीही आपलीच असते, म्हणून अशा मालिकांत अभियंते वेगापेक्षा टिकाऊपणाला जास्त जपतात.

पण ज्या विजयात दुसरा कोणी नसतो त्याला वजन किती? पोलोने पोलोला हरवले, यातून ग्राहकाला पोलोबद्दल काहीच नवे कळत नाही. त्याला चालक कळतो, गाडी नाही. माझ्या मते भारतीय टूरिंग कार शर्यतीचे जुने दुखणे हेच आहे. आपल्याकडे राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धेत 'इंडियन टूरिंग कार्स' हा अनेक कंपन्यांच्या गाड्यांचा गट होता. त्यात मारुती एस्टीम आणि होंडा सिटी वर्षानुवर्षे झुंजल्या. पण त्या गाड्यांमागे प्रामुख्याने खासगी संघ आणि चेन्नई, कोईमतूर, बेंगळुरूकडची गॅरेजे होती. एस्टीमचे उत्पादन २००७ मध्ये थांबले, तरी त्यानंतर कितीतरी वर्षे ती ट्रॅकवर धावत राहिली. कारखान्यातून बंद झालेली गाडी शर्यतीत जिंकून कंपनीला काय मिळणार? मेकॅनिकांचे कसब मात्र त्यात पणाला लागे, आणि ते अव्वल दर्जाचे होते.

अनेक कंपन्या भिडतात तेव्हा

कंपन्यांनी एकमेकींशी थेट लढण्याचा सर्वांत रंगलेला काळ म्हणजे १९९० च्या दशकातली ब्रिटिश टूरिंग कार स्पर्धा. नियम आकर्षक होता: दोन लिटरचे, टर्बो नसलेले इंजिन आणि चार दारांची मोठ्या संख्येने विकली जाणारी गाडी. नेमकी हीच गाडी त्या काळी युरोपातल्या कंपन्या नोकरदार मध्यमवर्गाला विकत होत्या. त्यामुळे फोर्ड, व्हॉक्सहॉल, बीएमडब्ल्यू, रेनॉ, निस्सान, होंडा, आउडी, व्होल्वो अशा एकेक करत सगळ्या आल्या.

व्होल्वोचे उदाहरण इटिऑसशेजारी ठेवून वाचावे. व्होल्वो म्हणजे सुरक्षित पण चौकोनी, घरंदाज काकांची गाडी अशी तिची ओळख. १९९४ मध्ये त्यांनी शर्यतीत चक्क ८५० ही इस्टेट गाडी उतरवली, म्हणजे मागे सामान आणि कुत्रा घेऊन जायची लांबलचक गाडी. ती एकही शर्यत जिंकली नाही, पण तिची छायाचित्रे सगळीकडे छापून आली. व्होल्वोने आपली प्रतिमा लपवली नाही, तिलाच ट्रॅकवर आणून तिच्याशी थट्टा केली. पुढच्या वर्षी सेडान आली, आणि १९९८ मध्ये रिकार्ड रिडेलने व्होल्वोच्या एस-४० मधून अजिंक्यपद मिळवले. लोकांना ठाऊक असलेल्या प्रतिमेपासून सुरुवात करून हळूहळू तिला वळवणे, हे इटिऑसला जमले नाही ते व्होल्वोला जमले.

याच मालिकेने होमोलोगेशनची मेखही दाखवून दिली. १९९४ मध्ये अल्फा रोमिओने १५५ या गाडीची अशी आवृत्ती विकायला काढली, जिचे वायुगतीचे पंख ग्राहकाला हवे तर पुढे-मागे सरकवून बसवता येत. शोरूमच्या गाडीत ते आहेत म्हणजे शर्यतीतही चालतील, हा युक्तिवाद. प्रतिस्पर्धी संतापले, वाद झाले, आणि पुढच्या हंगामात सगळ्यांनाच पंखांची मुभा मिळाली. पंख आले की वायुबोगदा आला, वायुबोगदा आला की खर्च आला. १९९६ मध्ये चारही चाकांना शक्ती देणाऱ्या आउडी ए-४ ने सात देशांच्या राष्ट्रीय स्पर्धा जिंकल्या, आणि बाकीच्यांना पुन्हा खिसे उलटे करावे लागले. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी इथे 'कैद्याची कोंडी' आठवावी. प्रत्येकाने खर्च आवरला तर सगळ्यांचे भले, पण आवरणारा एकटा असेल तर तो हरतो. म्हणून कोणीच आवरत नाही. एकेक कंपनी बाहेर पडत गेली आणि २००० च्या हंगामात मुख्य गटात फोर्ड, होंडा आणि व्हॉक्सहॉल एवढ्या तीनच उरल्या. त्यानंतर नियम बदलून स्वस्त करावे लागले.

कुठे धावते, हेही महत्त्वाचे

नियम सोयीचे असले तरी शर्यत चुकीच्या देशात असेल तर उपयोग नाही. सित्रोएन या फ्रेंच कंपनीने २०१४ मध्ये जागतिक टूरिंग कार स्पर्धेत पाऊल ठेवले ते सी-एलिझे ही गाडी घेऊन. ही साधी, परवडणारी सेडान चीन, लॅटिन अमेरिका आणि उत्तर आफ्रिकेसारख्या बाजारपेठांसाठी होती. ती स्पर्धा तेव्हा अर्जेंटिना, मोरोक्को, रशिया आणि चीनमध्ये भरत होती. वेळापत्रक आणि विक्रीचा नकाशा एकावर एक ठेवून पाहा. संघातल्या होसे मारिया लोपेस या अर्जेंटिनाच्या चालकाने २०१४, २०१५ आणि २०१६ अशी सलग तीन अजिंक्यपदे मिळवली. मा छिंगहुआ या चिनी चालकाने २०१४ मध्ये मॉस्कोला शर्यत जिंकली. चालकांच्या निवडीतही बाजारपेठ दिसते. उत्पादकांचे अजिंक्यपद तिन्ही वर्षे सित्रोएनकडे आले, आणि २०१६ संपताच कंपनी निघून गेली. काम झाले होते.

याच्या उलट शेवरोलेची क्रूझ. या कंपनीने २०१० ते २०१२ सलग तीन वर्षे तीच जागतिक स्पर्धा जिंकली. त्याच काळात क्रूझ भारतातही विकली जात होती. पण जागतिक टूरिंग कार स्पर्धा भारतात कधी आलीच नाही, त्यामुळे शोरूममध्ये उभी असलेली गाडी जगज्जेती आहे हे इथल्या फार थोड्यांना ठाऊक होते. ग्राहकाच्या कानापर्यंत न पोहोचलेला विजय विक्रीच्या दृष्टीने झालाच नाही असे समजावे.

चार मीटरची अडचण

२०१५ पासून टीसीआर नावाची नवी नियमावली जगभर पसरली. तिच्यात खर्चाच्या कोंडीवर चतुर तोड आहे. कंपनीने शर्यतीची गाडी बनवून खासगी संघांना विकायची, स्वतःचा कारखान्याचा संघ उतरवायचा नाही. शिवाय जी गाडी फार वेगवान ठरेल तिच्यावर वजन वाढवून किंवा इंजिनाची शक्ती घटवून तिला इतरांच्या बरोबरीत आणले जाते. अफाट खर्च करून मिळवलेला वेग असा काढूनच घेतला जाणार असेल तर तो खर्च करायचा कशाला? ह्युंदाईने याचा नेमका फायदा घेतला. २०१७ मध्ये तिने 'एन' हे वेगवान गाड्यांचे नाव आय-३० या गाडीपासून रस्त्यावर आणले, त्याच वर्षी त्या गाडीची टीसीआर आवृत्ती तयार केली, आणि २०१८ मध्ये ५६ वर्षांच्या गाब्रिएले तारक्विनीने तिच्यातून जागतिक करंडक जिंकला. पुढे २०२१ मध्ये भारतात आय-२० ची 'एन लाइन' आवृत्ती आली. तिच्या नावातले ते एक अक्षर शर्यतीतून आलेले आहे.

मग भारतात बनणाऱ्या गाड्या टीसीआरमध्ये का नाहीत? मोठे कारण आपल्या कररचनेत आहे. २००६ पासून चार मीटरपेक्षा कमी लांबीच्या आणि लहान इंजिनाच्या गाड्यांवर कर कमी आहे. पेट्रोलसाठी मर्यादा १२०० सीसी, डिझेलसाठी १५०० सीसी. त्यामुळे आपल्या कंपन्यांनी गाड्या चार मीटरच्या आत बसवल्या. शेपूट छाटल्यासारख्या दिसणाऱ्या सेडान त्यातूनच जन्मल्या, अमिओ त्यांपैकीच. टीसीआरला मात्र किमान ४.२ मीटर लांबीची गाडी लागते. म्हणजे आपल्याकडे सर्वाधिक खपणाऱ्या बहुतेक छोट्या गाड्या त्या नियमपुस्तिकेच्या दारातच अडतात. अर्थसंकल्पातली एक ओळ शर्यतीच्या ट्रॅकवर कोण दिसेल हे ठरवते, याचे याहून स्वच्छ उदाहरण मला माहीत नाही.

बेंगळुरूच्या आसपास आणखी दोन निवडी

बेंगळुरू-चेन्नई महामार्गावर शहर सोडले की होसूर लागते. तिथल्या टीव्हीएसचा शर्यत विभाग १९८२ पासून चालू आहे. दुचाकींच्या राष्ट्रीय स्पर्धेत टीव्हीएस, होंडा, यामाहा या कंपन्या वन-मेकपुरत्या न थांबता एकमेकींशी उघड भिडल्या आहेत. मोटारीत जे होत नाही ते दुचाकीत का होते? स्पोर्ट्स बाइक घेणारा तरुण ती स्वतःसाठी घेतो आणि मित्रांत वेगावरून वाद घालतो. मोटार घेताना आई-वडील, बायको, कधी सासरेसुद्धा मत देतात, आणि त्यातले कोणीही 'ट्रॅकवर कितवी आली?' असे विचारत नाही. आपल्या शर्यतीचा मार्ग तंत्रज्ञानापेक्षा या घरगुती बैठकीने जास्त ठरवला आहे.

दुसरी निवड महिंद्रची. बेंगळुरूच्या बोम्मसंद्र भागातली रेवा ही विजेच्या गाड्या बनवणारी कंपनी महिंद्रने २०१० मध्ये ताब्यात घेतली, आणि २०१४ मध्ये विजेच्या गाड्यांची फॉर्म्युला ई स्पर्धा सुरू झाली तेव्हा पहिल्याच हंगामापासून ती एकमेव भारतीय संघ म्हणून उतरली. २०१७ मध्ये बर्लिनला तिने पहिली शर्यत जिंकली. फेब्रुवारी २०२३ मध्ये ती स्पर्धा हैदराबादच्या रस्त्यांवर आली. ही टूरिंग कार नाही. इथे गाडी शोरूमसारखी दिसतही नाही. पण ज्या तंत्रज्ञानावर कंपनी भविष्य लावते आहे तेच या नियमपुस्तिकेत सक्तीचे आहे. जर्मनीत मर्सिडीजने २०१८ अखेर तिथली प्रसिद्ध टूरिंग कार मालिका डीटीएम सोडली आणि फॉर्म्युला ईकडे मोर्चा वळवला, तोही याच तर्काने.

आणि एक कारण हिशेबवहीत सहसा दिसत नाही: माणसे. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी स्वतः गाडी बांधून पळवायची 'बाहा' स्पर्धा २००७ पासून भारतात होते आणि महिंद्र तिची प्रमुख प्रायोजक राहिली आहे. तिथे एकही गाडी विकली जात नाही. पण रात्रभर जागून तुटलेला ॲक्सल सकाळपर्यंत जोडणारी मुले कंपनीला तिथे दिसतात, आणि नोकरीच्या मुलाखतीत ती अशी दिसत नाहीत.

स्वाध्याय

सध्या भारतात विकल्या जाणाऱ्या कोणत्याही एका मोटारीची निवड करा. तिची लांबी, इंजिनाची क्षमता आणि ती प्रामुख्याने कोण विकत घेतो हे लिहून काढा. त्या कंपनीने वन-मेक, टीसीआर, रॅली किंवा फॉर्म्युला ई यांपैकी कशात उतरावे, की कशातच उतरू नये, हे दोन पानांत मांडा. उत्तरात गाडीचा एक असा गुण नोंदवा जो रस्त्यावर आधीच सर्वांना दिसतो.